सावकाशरावांची बढती

सावकाशराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव गळ्यात अडकवायच्या ओळखपत्रावर होतं आणि ते ओळखपत्र कायम बॅगेच्या तळाशी. मीटिंगमध्ये कुणी छातीठोकपणे म्हणालं, की हे काम शुक्रवारपर्यंत होऊन जाईल, की हे गृहस्थ चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने पुसायचे आणि म्हणायचे, "सावकाश. आधी बघू तरी द्या काय आहे ते." असं इतक्या वेळा झालं, की एकदा कुणीतरी भर मीटिंगमध्ये "अहो सावकाशराव" अशी हाक मारली. यांनी ओ दिली, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्यांची कंपनी सॉफ्टवेअर बनवायची, तेही एकाच धंद्यासाठी, बसडेपोंसाठी. कुठल्या ड्रायव्हरने कुठली बस केव्हा बाहेर काढायची, मधे विश्रांती किती, कोण रजेवर, कोण आजारी, हा सगळा गुंता सोडवून रोजच्या ड्यूट्या लावून देणारा प्रोग्रॅम. त्यातला ड्यूट्या लावण्याचा गाभा सावकाशरावांच्या हातचा. ऑफिस एका रंगाच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टचं दार उघडलं की आधी खालचा टर्पेंटाइनचा वास आत शिरायचा आणि मागून माणसं.

तिथली त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे सकाळ. ते सगळ्यांच्या आधी यायचे, कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसायचे आणि कानांवर हेडफोन चढवायचे. त्यात गाणं वगैरे काही नसायचं. ती फक्त "मला हाक मारू नका" अशी पाटी होती. मग एखादी अडचण समोर घ्यायची, इकडून टोचून बघायचं, तिकडून टोचून बघायचं, आणि जेवायच्या सुट्टीच्या जरा आधी ती अलगद सुटायची. सुटली की सावकाशराव खुर्चीत बसल्या बसल्या एक गोल गिरकी घ्यायचे. बाकीचे एकमेकांना डोळ्यांनी खुणावायचे, "सुटलं वाटतं."

न आवडणाऱ्या गोष्टीही होत्याच. सोमवारची मीटिंग होती, जिच्यात मागच्या सोमवारी काय ठरलं होतं एवढंच ठरायचं. एसी होता, ज्याच्यापायी अर्धं ऑफिस शाल पांघरून बसायचं आणि अर्धं बाह्या सरसावून. चहाचं यंत्र होतं, ज्याचं कुठलंही बटण दाबा, येणारं पेय सूपसारखं लागायचं. पण ही कुरकुर घरच्यासारखी होती. तिच्याशिवाय करमलं नसतं.

मग त्यांच्या टीमचा प्रमुख दुसऱ्या, मोठ्या कंपनीत गेला, आणि मालकिणीने सावकाशरावांना आत बोलावलं. तिला सगळं ऑफिस बॉस म्हणायचं. फार पूर्वी ती आणि सावकाशराव एका कंपनीत शेजारशेजारच्या टेबलांवर बसायचे, त्यामुळे दोघांत अरेतुरे.

"टीम तू घे," बॉस म्हणाली.

"मी?"

"मग कोण? सगळ्यांत जुना तू. सगळे तुला मानतात. आणि किती वर्षं कोपऱ्यात बसून राहणार आहेस?"

कोपऱ्यात बसण्यात वाईट काय, हे सावकाशरावांना विचारायचं होतं, पण ते विचारणं बरं दिसलं नसतं. "सावकाश विचार करून सांगतो," ते म्हणाले.

विचार करायला वेळ मिळालाच नाही. त्यांनी बायकोला फोन केला. ती डोळ्यांच्या हॉस्पिटलात नर्स. त्या दिवशी तिची सुट्टी होती आणि ती नेमकी माहेरी, म्हणजे पलीकडच्या गल्लीत, वडिलांकडे बसली होती. वडील निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा आवाज फोनपासून दूर असला तरी फोनमधल्या माणसापेक्षा मोठा ऐकू यायचा.

"काय म्हणतायत जावईबापू? मॅनेजर? अरे वा!"

संध्याकाळी सावकाशराव घरी निघाले, तर कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दुकानाबाहेर येऊन हात मिळवला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात अडवून अभिनंदन केलं. रात्रीच्या जेवणाआधी सासरेबुवा स्वतः आले आणि म्हणाले, "मी इतकी वर्षं लोकांना सांगत होतो, जावई कॉम्प्युटरवर काहीतरी करतात. आता सांगायला एक शब्द मिळाला." त्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणायची सावकाशरावांची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी हो सांगितलं.

त्यांना काचेची खोली मिळाली. आत बसलेला माणूस चहूबाजूंनी दिसायचा, म्हणून सगळे तिला मत्स्यालय म्हणत. आणि मग मीटिंगा सुरू झाल्या. डेपोवाल्यांबरोबर मीटिंग, विक्रीवाल्यांबरोबर मीटिंग, पुढच्या मीटिंगमध्ये काय बोलायचं त्याची मीटिंग. एसीचं भांडण आता त्यांच्याकडे न्यायनिवाड्याला यायला लागलं. शालवाले आत येऊन गाऱ्हाणं सांगत, ते गेले की बाह्यावाले. सावकाशराव दोघांनाही "बरोबर आहे तुमचं" म्हणत, आणि दोन्ही बाजू त्यांच्यावर नाराज. हेडफोन खणात जाऊन पडले. घरी जेवताना फोन ताटाशेजारी उपडा ठेवलेला, आणि तो गुरगुरला की घास हातातच राहायचा.

"बाबा, तुम्ही मॅनेज काय करता?" एकदा मुलीने विचारलं. ती शाळेच्या वरच्या इयत्तेत होती आणि कुठलाही प्रश्न सरळ नाकासमोर धरून विचारायची.

"माणसं."

"आणि ती होतात?"

सावकाशरावांनी भाताकडे बघत विषय बदलला.

तीनेक महिन्यांनी बॉसने नवीनच काढलं. प्रत्येक प्रमुखाने आपल्या टीममधल्या एकेकाशी बसून बोलायचं. इथे काय आवडतं, काय नाही, मोकळेपणाने विचारायचं. "लोक सोडून का जातात ते कळायला हवं," ती म्हणाली, "आणि ते जायच्या आधी कळलं तर बरं."

पहिला आला शंकासुर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढणं हे त्याचं काम, आणि त्या कामासाठीच त्याचा जन्म झाला असावा असा त्याचा चेहरा.

"आवडतं काय विचाराल, तर इथे लोकांच्या चुका काढल्या की शाबासकी मिळते," तो म्हणाला. "घरी काढल्या तर जेवण मिळत नाही."

"आणि आवडत नाही ते?"

शंकासुराने काचेचं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "मी चूक शोधून लिहून पाठवतो. समोरून उत्तर येतं, 'किरकोळ'. कुणी वाचलं का, कुणी दुरुस्त केलं का, काही कळत नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं हो. भांडलात तरी चालेल, पण वाचा."

सावकाशरावांनी मान डोलावली. पण तेवढ्यात पुढच्या मीटिंगची वेळ झाली.

दुसऱ्या दिवशी रंगारीण आली. पडद्यावर कुठलं बटण कुठे, अक्षर केवढं, रंग कुठला, हे सगळं ठरवणारी ती. बोलायला चुरचुरीत, आणि डेपोतल्या लोकांशी तिची अशी गट्टी, की ती आली की तिथले कारकून स्वतःहून खुर्ची पुढे करायचे.

"मला घरून काम करायचे दोन दिवस आवडतात," ती म्हणाली. "आईला डॉक्टरकडे नेता येतं, कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. आणि मला इथली माणसं आवडतात. नाही आवडत ते म्हणजे, कुणीही उठतो आणि सांगतो, 'जरा उठावदार करा.' उठावदार म्हणजे काय, ते विचारलं तर त्यालाही माहीत नसतं." मग तिने हातांची घडी घातली. "बरं, आता तुम्ही सांगा. तुम्हाला काय आवडतं इथे?"

"मला?" सावकाशरावांनी चष्मा काढला. शर्टाने पुसला. परत घातला. "मला... कोड लिहायला आवडतं."

"शेवटचं कधी लिहिलंत?"

सावकाशराव बोटांवर महिने मोजायला लागले. रंगारीण निघून गेल्यावरही त्यांची मोजणी चालूच होती. काचेपलीकडून जाणारे येणारे आत बघून हसत होते आणि हेही हसत होते.

त्यानंतरच्या आठवड्यात डेपोचा फोन आला. डेपोप्रमुख तसे सभ्य गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांचा पारा चढलेला. त्यांच्या एका ड्रायव्हरला रविवारची शेवटची बस लावली होती आणि सोमवारची पहिलीही. बिचारा जेमतेम दोन तास झोपून आला. गाडी काढायच्या आधीच त्याच्या चेहऱ्याकडे बघून डेपोत हजेरी घेणाऱ्या बाईंनी त्याला घरी पाठवलं म्हणून निभावलं. "त्यात माणसं बसलेली असतात हो," डेपोप्रमुख म्हणाले. "उद्या दुपारी येतो. समोर बसून सांगा, हे झालं कसं."

फोन ठेवून सावकाशराव थेट शंकासुराच्या टेबलापाशी गेले.

"ही चूक तुला दिसली होती का कधी?"

शंकासुराने पडदा त्यांच्याकडे वळवला. दोन महिन्यांपूर्वी त्याने नीट समजावून लिहिलं होतं, आठवडा बदलला की विश्रांतीचे तास पुन्हा शून्यापासून मोजले जातात. खाली उत्तर होतं, 'किरकोळ'. उत्तर देणाऱ्याचं नाव सावकाशरावांचं. एका सकाळी दोन मीटिंगांच्या मधे त्यांनी अशा वीसेक चुका न वाचताच निकालात काढल्या होत्या.

"मी वाचलंच नाही रे," सावकाशराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला, की शंकासुराला पुढे वाकावं लागलं. "माझं चुकलं. तू बरोबर सांगितलं होतंस."

शंकासुर असल्या प्रसंगी काय बोलावं हे शिकलेला नव्हता. "बसा," एवढंच म्हणून त्याने शेजारची खुर्ची ओढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेपोप्रमुख आले. बॉस आली, विक्रीवाले आले, रंगारीण आली. सावकाशरावांचा पत्ता नाही. फोन लावला तर बंद. मत्स्यालय रिकामं.

ते होते जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत. जुने मॉनिटर, तुटक्या खुर्च्या आणि रंगाच्या दुकानदाराने ठेवायला दिलेले डबे यांच्या मधे, एका स्टुलावर, लॅपटॉप मांडीवर घेऊन. आले होते ते फक्त डेपोवाल्यांना दाखवायला चूक नेमकी कुठे आहे तेवढं बघून घ्यावं म्हणून. पण चूक दिसली, तिचं टोक हाती लागलं, टोक ओढलं तर मागून आणखी दोन गाठी निघाल्या, आणि मग वेळेचं भान कुणाला राहणार? कितीतरी दिवसांनी त्यांचं डोकं एका जागी स्वस्थ बसलं होतं. शाळेला दांडी मारून नदीवर गेलेल्या पोराला वाटावं तसं त्यांना वाटत होतं. रविवार सोमवारला जोडला गेला. त्यांनी चाचणी चालवली, ती बरोबर आली. स्टूल फिरणारं नव्हतं, म्हणून उठून त्यांनी उभ्यानेच एक गिरकी घेतली.

गिरकी अर्धी झाली आणि दारात बॉस.

सावकाशरावांनी घाईने लॅपटॉप मिटला.

"मीटिंग," सावकाशराव म्हणाले.

"संपली," बॉस म्हणाली. "तू नव्हतास. मला वाटलं, आज काही खरं नाही. पण रंगारीण बोलली. काही लपवलं नाही, कुणाच्या डोक्यावर खापर फोडलं नाही. आमच्या माणसाने दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही, म्हणाली. आणि मग त्यांनाच विचारलं, ड्यूटी लावताना तुमचे कारकून आधी काय बघतात? तासभर त्यांनीच सांगितलं. जाताना तिला म्हणाले, पुढच्या वेळेस तुम्हीच या."

सावकाशराव पुन्हा स्टुलावर बसले. लाज तर वाटत होतीच. पण लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ते रोखून धरण्यात काही अर्थ नव्हता.

"मग तिलाच दे ना टीम," ते म्हणाले.

"काय?"

"तिला माणसं आवडतात. ती विचारते आणि समोरचा सांगतो. मी विचारतो आणि घड्याळाकडे बघतो. मला इथे कंटाळा येतो असं नाही गं, मला इथे फार आवडतं. पण मला जे आवडतं ते तू माझ्याकडून काढून घेतलंस आणि त्याला बढती म्हणालीस."

बॉस एका रंगाच्या डब्यावर टेकली. "मला वाटलं, तुला बरं वाटेल. तुझ्या मागून आलेले कुठल्या कुठे गेले. मला आपलं वाटायचं, हा माझ्यामुळे मागे राहिला."

"मी मागे नाही राहिलो. मी तिथेच बसलो होतो. मजेत."

बॉसला हसू आलं. "पण असं खाली उतरता येतं का कुणाला? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोड. सासऱ्यांना काय सांगू, तेवढं सुचव."

ते मात्र तिला सुचलं नाही.

बाकीचं आठवड्याभरात ठरलं. रंगारीण आधी नाही म्हणाली, मग आईला विचारून आली, आणि मग घरून कामाचे दोन दिवस तसेच राहतील या अटीवर हो म्हणाली. मत्स्यालय तिला नको होतं. ती खोली तिने ज्याला शांतता हवी त्याला बसायला मोकळी ठेवली.

घरी सांगायची पाळी आली तेव्हा सावकाशरावांनी बायकोला संध्याकाळी चालायला बाहेर काढलं. वडिलांसमोर ती त्यांना अहोजाहो करायची, एरवी सरळ अरेतुरे.

"मी प्रमुखपद सोडलं," त्यांनी दिव्याच्या खांबापाशी उभं राहून सांगितलं.

ती चालत होती ती थांबली. "काढलं का सोडलंस?"

"सोडलं. मीच."

"मग असा चोरासारखा काय सांगतोयस?" ती म्हणाली. "अरे, गेले काही महिने मी एका फोनशी संसार करत होते. तू जेवतोस की नाही हेही तुला कळत नव्हतं. मला वाटत होतं, तुला हवंय ते, म्हणून मी गप्प."

"मला वाटत होतं, तुला हवंय."

"आणि आपल्या दोघांनाही वाटत होतं, बाबांना हवंय." ती पुन्हा चालायला लागली. "त्यांना मात्र हवं होतं हं. ते तू सांग. मी नाही सांगणार."

रविवारी सासरेबुवा जेवायला आले तेव्हा सावकाशरावांनी सांगितलं. सासरेबुवांनी ऐकून घेतलं, पाण्याचा पेला उचलला, न पिता खाली ठेवला. जेवताना ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि ज्या माणसाचा आवाज दोन घरं पलीकडे जायचा तो गप्प बसला की घर कसं रिकामं रिकामं वाटतं. पुढे दोन आठवडे ते फिरकले नाहीत. न्हाव्याला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण तो केस कापताना आवाज खाली आणून म्हणाला, "होतं असं साहेब. पुन्हा मिळेल." ऑफिसातही विक्रीकडच्या एकाने खांद्यावर हात ठेवून सांत्वन केलं. सावकाशरावांना ते लागलं, नाही असं नाही. एकदोन दिवस ते जिन्याने वर जात राहिले, लिफ्टमध्ये कुणी भेटू नये म्हणून. मग गुडघे दुखायला लागले आणि ते पुन्हा लिफ्टने जायला लागले.

काम मात्र असं चालू झालं, की विचारू नका. शंकासुराने टेबल हलवून त्यांच्या शेजारी आणलं. तो चूक काढायचा, हे "ही चूकच नाही" म्हणायचे, दोघं जेवणाचा डबा निवेपर्यंत भांडायचे, आणि बहुतेक वेळा शंकासुर जिंकायचा. प्रमुख म्हणून रंगारिणीने पहिल्याच महिन्यात सोमवारची मीटिंग निम्म्यावर आणली. एसीचं भांडण तिलाही मिटवता आलं नाही.

मग एका नवीन गावाने त्यांचा प्रोग्रॅम मागितला. त्या गावाला बसही होत्या आणि खाडी ओलांडणाऱ्या होड्याही, आणि होड्या सुटायच्या भरतीच्या वेळेवर. भरती रोज थोडी पुढे सरकते. घड्याळाला धरून चालणारा सावकाशरावांचा सगळा हिशोब तिथे पार कोलमडला. रविवारी सकाळी ते जेवणाच्या टेबलाशी कागद पसरून डोकं धरून बसले होते, तेवढ्यात दारात सासरेबुवा उभे. लेकीने बोलावलं म्हणून आले होते. जावयाला भेटायला नव्हे, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं.

कागदांकडे तिरपी नजर टाकून ते म्हणाले, "काय चाललंय हे?"

"भरती रोज पुढे का सरकते, ते बघतोय."

"का म्हणजे? चंद्र!" सासरेबुवा म्हणाले आणि चप्पल काढायची विसरून आत आले. त्यांनी टेबलावरची वाटी उचलली, ती पृथ्वी झाली. लिंबू उचललं, ते चंद्र झालं. नातीला हाक मारून सूर्य म्हणून उभं केलं. "मुख्याध्यापक व्हायच्या आधी मी भूगोल शिकवायचो," ते सांगायला लागले. "आता बघा. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते, तोवर चंद्र थोडा पुढे गेलेला असतो. त्याला गाठायला हिला आणखी थोडं फिरावं लागतं." लिंबू हातात धरून ते टेबलाभोवती चालत होते, कपाळावर घाम आला होता, आणि आवाज पुन्हा दोन घरं पलीकडे पोचत होता.

समजावून झाल्यावर ते खुर्चीत बसले आणि त्यांनी हातातलं लिंबू वाटीशेजारी ठेवलं.

"बढती मिळाली आणि वर्ग सुटला," ते म्हणाले. "त्यानंतर एकही तास घेतला नाही मी. नुसत्या रजा मंजूर केल्या. इतरांच्या."

स्वयंपाकघराच्या दारातून लेक पुढे आली आणि तिने पाण्याचा पेला त्यांच्यासमोर ठेवला.

"बाबा," सावकाशराव कागद त्यांच्याकडे सरकवत म्हणाले, "अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं, ते कसं धरायचं?"

"सावकाश," सासरेबुवा म्हणाले. "आधी सूर्याला खुर्ची द्या. पोर दमली उभी राहून."